कोटाची आतली बाजू

सकाळचे साडेदहा वाजले तरी सीताराम ओव्हाळ अंघोळीचा टॉवेल खांद्यावर टाकून खुंटीला लावलेल्या कोटासमोर उभा होता. हातातल्या चहावर साय धरली होती. घरात लेकीचा साखरपुडा, बेडशाच्या समाजमंदिरात खुर्च्या मांडून झालेल्या, आचाऱ्याने मसालेभाताला फोडणी दिलेली, आणि मुलीचा बाप कोटाचा डावा खांदा न्याहाळत उभा!

"अवो, पाव्हणं कामशेतपात्तूर आलं," सरूबाई आतून ओरडली. "आंगुळ करताय का असंच उभं ऱ्हाताय?"

"सरू, हितं ये जरा. ह्यो खांदा बघ."

"बघितला. काल बघितला, परवा बघितला. खांदाच हाय त्यो."

"नुस्ता खांदा न्हाई गं. सुरकुती हाय का एक तरी?"

"सुरकुत्या माज्या तोंडावर आल्यात तुमच्या नादानं. जावा आंगुळीला!"

सीताराम गेला, पण दारातून दोनदा मागे वळून बघत गेला. कोट राखाडी रंगाचा होता. पवनेच्या पाण्यावर ढग उतरले की जो रंग होतो, तो. अस्तर निळं. बाह्यांवर चार चार बटणं, एकमेकांना खेटून बसलेली, आणि सगळी खरोखर उघडणारी. कॉलरच्या काजामागे दोऱ्याचा एक बारीकसा फास होता. काजात गुलाब खोचला तर त्याचा देठ लटकू नये, फासात अडकून राहावा, एवढ्यासाठी तो फास. गुलाब कुणी खोचणार नव्हतं, हे सीतारामला ठाऊक होतं. तरी केला होता.

सीतारामचं कामशेतला स्टेशनच्या रस्त्यावर 'मानसी टेलर्स' नावाचं दुकान. शाळेचे गणवेश, पुढाऱ्यांचे पांढरे शर्ट, बायकांच्या साडीचे फॉल, यावर घर चालायचं. पण जीव गुंतला होता कोटात. हे वेड लहानपणापासूनचं. घरात बाबासाहेबांची तसबीर होती. बाकीची भावंडं हात जोडत आणि खेळायला पळत. सीताराम मात्र हात जोडून तिथंच उभा राही. साहेबांच्या डोळ्यांकडे बघायची भीड वाटे, म्हणून नजर खाली उतरे आणि कोटाच्या कॉलरवर थांबे. कॉलर मानेला कशी धरून बसलीय, कुठं बोटभर फट नाही, पुढची पट्टी कशी हळूच वळलीय! वडिलांना वाटे, पोरगं भारीच भाविक निघालं.

मोठेपणी हे वेड आणखी वाढलं. थंडीत रविवारी दुकान बंद करून हा गृहस्थ लोणावळ्याला जायचा. लोक तिथं दरी बघायला येतात, हा लोकांचे कोट बघायला जायचा. एकदा कुरवंड्याच्या वाटेवर एका पाहुण्याचा चौकटींचा कोट त्याला दिसला. खिशाच्या पट्टीवरची चौकट खालच्या कापडाच्या चौकटीशी अशी जुळली होती, की खिसा कुठं सुरू होतो ते कळेना. सीताराम अर्धा मैल त्याच्या मागे चालला. शेवटी न राहवून म्हणाला, "सायेब, तुमचा खिसा बघू का जरा?" साहेबाने आधी पाकिटावर हात ठेवला, मग गाडीत बसून काच वर केली. सीताराम मात्र त्या चौकटीच्या धुंदीत आठ दिवस दुकानात गुणगुणत होता.

त्याला एकच दुःख होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. कोटाचं चार आणे काम बाहेर दिसतं, बारा आणे काम आत राहतं. कापड आणि अस्तर यांच्यामध्ये छातीचा कॅनव्हास असतो, त्यावर हातानं घातलेले शेकडो तिरपे टाके असतात. कोट अंगावर जिवंत होतो तो त्यांच्यामुळे. पण अस्तर बंद केलं की ते कायमचे झाकले जातात. तीस वर्षांत गिऱ्हाइकांनी दोनच प्रश्न विचारले होते, "गरम होईल का?" आणि "लग्नाआधी मिळेल ना?" आत काय आहे, हे एकानेही कधी विचारलं नव्हतं.

आणि त्यात लेकीचं जमलं. मानसी तळेगावला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला. मुलगा लोणावळ्याचा, सत्यम, रेल्वेत सिग्नलचं काम करणारा, शांत आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारा. रीतीप्रमाणे मुलाचा पोशाख मुलीकडून. पण बैठकीत सत्यमचे वडील कैलासराव म्हणाले, "कपडे आपण पुण्याहून ब्रँडेड घेऊ. तुम्ही उगाच त्रास नका घेऊ."

जेवण, हॉल, आहेर, सगळ्याला मान डोलावून 'व्हय' म्हणणारा सीताराम इथं एकदम ताठ झाला. "कोट मी शिवणार."

"बघा बुवा," कैलासराव म्हणाले. "चार लोकांत शोभला पाहिजे."

पाहुणे गेल्यावर मानसी बापाजवळ येऊन बसली. "पप्पा, तुम्ही छान शिवता, मला माहितीय. पण माझ्या सासरी मला त्या कोटावरून ऐकून घ्यायला लागेल, असं नका करू."

झालं! त्या दिवसापासून सीतारामच्या डोळ्याला डोळा नाही. माप घेताना त्याने सत्यमला विचारलं, "जावयबापू, कसा पायजे कोट?" सत्यम मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "काय पण चालेल मामा." हे 'काय पण चालेल' सीतारामला फार लागलं. या पोराला एक ना एक दिवस कोट दिसला पाहिजे, असं त्याने तिथंच ठरवलं.

बावीस दिवस तो कोटात बुडाला. एकविसाव्या दिवशी डाव्या खांद्याचा शेवटचा टाका आतून घालायचा होता. हात आत जावा म्हणून त्याने डाव्या बाजूच्या आतल्या खिशाचा तळ उघडा ठेवला होता. टाका घातला, कोट घरच्या खिडकीत टांगला, आणि तेवढ्यात बेडशाच्या लेण्यांच्या डोंगरावरून धुकं खाली आलं. त्या उजेडात कोट असा काही दिसायला लागला, की सीताराम समोर स्टुलावर बसला तो बसलाच. शाळेची बस गेली, दूधवाला येऊन गेला, धुकंही विरलं. बसल्या बसल्या त्याने मनातल्या मनात खिशाचा तळ शिवला, दोरा तोडला, सुई कॉलरमागे खोचली आणि कोटाला इस्त्री करायला घेतली. हातानं तळ शिवायचा राहिला तो राहिलाच. ही गोष्ट आता तुम्हाला कळली, सीतारामला नाही.

अकरा वाजता पाहुणे आले. सत्यमने कोट घातला आणि समाजमंदिराच्या मागच्या खोलीत सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. कोट बसला होता. नुसता मापात नाही, अंगावर उतरला होता. कैलासरावांनी स्वतःच्या नव्याकोऱ्या ब्रँडेड कोटाची बटणं लावत पोराभोवती एक फेरी मारली, काही खोट सापडते का बघितलं, आणि म्हणाले, "ठीक आहे." मानसीने दाराच्या फटीतून बापाकडे बघून अंगठा दाखवला. सीतारामच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने खांद्यावरचा नसलेला दोरा झटकण्याच्या निमित्ताने पुसलं.

एवढ्यात सत्यमची आत्या अंगठी घेऊन आली. लाल मखमलीची डबी, लिंबाएवढी फुगीर. सत्यमने ती आतल्या डाव्या खिशात टाकली, आणि सीताराम दोन पावलं पुढे झाला. बावीस दिवस हातानं घडवलेल्या त्या छातीवर एक टेंगूळ उठलं होतं.

"जावयबापू, डबी काडा," तो म्हणाला.

"मामा, अंगठी आहे त्यात."

"अंगठी ऱ्हाऊ द्या. नुस्ती ठिवा खिशात. डबीनं छातीवर गळू आल्यागत दिसतंय."

आत्या पुढे झाली. "अहो, सुट्टी अंगठी! पडली-बिडली तर?"

सीताराम हसला. आयुष्यात असं हसायची संधी त्याला क्वचितच मिळाली होती. "ताई, माजा खिसा हाय त्यो. आभाळ फाटंल, पर माजा खिसा न्हाई."

सत्यमने अंगठी डबीतून काढली आणि खिशात सोडली. अंगठी खिशात थांबली असेल-नसेल एक क्षण.

बौद्धांच्या घरात मुहूर्त बघत नाहीत, पण बौद्धाचार्यांचं घड्याळ मुहूर्ताइतकंच कडक असतं. त्यांना एक वाजता वडगावला दुसरा कार्यक्रम होता. त्यांनी मेणबत्त्या लावून घेतल्या, त्रिशरण-पंचशील झालं, वंदना झाली. पुढच्या रांगेत गावातले रखमाजी आबा जेवणाच्या आशेने टोपी सावरून बसले होते. मानसीने सत्यमच्या बोटात अंगठी घातली. टाळ्या झाल्या. फोटो काढणारी अमृता पुढे सरसावली आणि म्हणाली, "आता दादा, तुम्ही. हळूच काढा अंगठी खिशातून, स्माइल करत."

सत्यमने स्माइल करत हात आत घातला. बोटं गेली, मनगट गेलं. स्माइल तसंच, पण हात आत आत चालला. कोपरापर्यंत गेला तेव्हा स्माइल मावळलं. समोरून लोकांना काही कळेना. सीताराम मात्र व्यासपीठाच्या बाजूला उभा होता, आणि त्याला दिसलं, की कोटाच्या खालच्या काठाशी, अस्तराच्या आत, जावयाची पाचही बोटं वळवळतायत.

सीतारामच्या तोंडचं पाणी पळालं. उघडा तळ, खिडकीतलं धुकं, मनात शिवलेला खिसा, सगळं त्याला लख्ख आठवलं. आत्ताच बोलावं, हे त्याला कळत होतं. पण समोर कैलासराव होते, दोनशे माणसं होती, आणि 'आभाळ फाटंल' हे वाक्य अजून हवेत होतं. त्याची जीभ टाळूला चिकटली.

"दुसऱ्या खिशात बघ," कैलासराव म्हणाले.

सत्यमने सासऱ्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि खिशाचं नाव न काढता दुसऱ्यात हात घातला. मग तिसऱ्यात, चौथ्यात. वरचा, खालचे दोन, खालच्याच्या वरचा तिकिटाचा, आतले दोन, पेनचा, आणि अस्तराच्या शिवणीतला चोरखिसा, जो सीतारामने बंडीची आठवण म्हणून हौसेनं ठेवला होता.

"आठ खिसे!" आत्या म्हणाली. "एवढे कशाला हो? आमचा पोरगा एसटीत कंडक्टर आहे का?"

"म्हणून म्हणत होतो रेडीमेड घ्या," कैलासरावांचा पारा चढायला लागला. "रेडीमेडचे खिसे शिवूनच येतात. हात जात नाही, वस्तू जात नाही, भानगडच नाही. काढ रे तो कोट!"

कोट निघाला. कैलासरावांनी तो खालच्या काठाला धरून उलटा केला आणि सतरंजी झटकावी तसा झटकायला लागले. एका पाहुण्याने बाही धरली, दुसऱ्याने कॉलर. पेढ्याची बोटं कॉलरखालच्या वळत्या पट्टीवर उमटली.

"उलटा नगा धरू," सीताराम कळवळून म्हणाला. "खांदं… खांदं जातील त्येचं."

"खांद्याचं काय घेऊन बसलात? इथं सोनं गेलंय!"

कोटातून काहीच पडलं नाही. मग लोकांनी सतरंजी उचलून बघितली, सोफ्याच्या गाद्या काढल्या. सरूबाईने फुलांच्या परड्या पाकळी पाकळी निवडल्या. अंगठी नाहीच. तेव्हा कैलासराव बहिणीकडे वळले. "ताई, डबीत होती ना नक्की?"

आत्याचा चेहरा पडला. "म्हणजे? मी घेतली?"

"असं कोण म्हणतंय? मी विचारलं फक्त."

"तीस वर्षं तुझ्या घरचं केलं, त्याचं हे? चार लोकांत चोर ठरवलंस मला!" आत्याने पर्स उचलली, पदर खोचला आणि ती दाराकडे निघाली. तिची सून निघाली, सुनेची आई निघाली. मुलाकडच्या खुर्च्यांची निम्मी रांग उठून उभी राहिली. आचारी भाताचं झाकण हातात धरून दारातून बघत होता.

कैलासराव घाम पुसत बौद्धाचार्यांना म्हणाले, "आज राहू द्या. अंगठीशिवाय कसला साखरपुडा? पुढं बघू."

हे 'पुढं बघू' काय असतं, ते मुलीच्या बापाला सांगावं लागत नाही. मानसी खाली मान घालून बसली होती, आणि तिच्या मेंदीच्या हातावर पाण्याचा एक थेंब पडला. तो थेंब सीतारामने बघितला आणि त्याची टाळूला चिकटलेली जीभ सुटली.

"थांबा!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की आत्यासुद्धा उंबऱ्यात थांबली. "ताईंनी काय न्हाई केलं. अंगठी कोटातच हाय. खिशाला बूड न्हाई. मी शिवायचं इसारलो."

कैलासरावांनी खिशात हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला, तेव्हा त्यांची खात्री पटली. "तीस वर्षं कोट शिवता," ते म्हणाले, "आणि खिशाला बूड नाही?"

"न्हाई," सीताराम म्हणाला. "चुकलं माजं. पोरीला बोल लावू नगा त्यासाठी." आयुष्यातल्या सगळ्यात देखण्या कोटाबद्दल चार लोकांत हे बोलताना त्याला वाटलं, आपणच आता उसवून जाऊ.

त्याने कोट मांडीवर घेतला. खालच्या काठाला चाचपलं, तिथं काही नव्हतं. असायला हवं होतं! मग त्याने डोळे मिटले आणि बोटांची टोकं कोटावरून हळूहळू वर नेली. छातीशी, डाव्या बाजूला, बोटं थांबली. "उलटा करून झटाकला नव्हं, तवा वर गेली. कॅनव्हासात अडाकलीया. आता छाती उघडाय लागंल."

"मग उघडा!" कैलासरावांनी आचाऱ्याला हाक मारली. "सुरी आण रे."

आचाऱ्याने कोबी चिरायची हातभर सुरी आणली. ती बघून सीतारामने कोट पोटाशी धरला. "सुरी न्हाई. सुरी न्हाई लावायची." त्याने आपल्या सदऱ्याच्या कॉलरमागे हात घातला आणि सुई काढली. शिंप्याच्या कॉलरमागे सुई असतेच, लेकीच्या साखरपुड्यातही असते.

नवरा-नवरीच्या सोफ्यावर सीताराम बसला आणि एक एक टाका सुईच्या टोकानं उचलून सोडवायला लागला. ज्या अस्तराची हातशिलाई करायला चार रात्री गेल्या होत्या, ते वीतभर सुटलं, मग दीड वीत. लोक जवळ जवळ सरकले. आत्या उंबऱ्यावरून टाचा उंच करून बघायला लागली. सीतारामने निळं अस्तर बाजूला सारलं आणि आतला कॅनव्हास उजेडात आला.

पहिल्यांदा रखमाजी आबा उठले. जेवण लांबलेलं पाहून ते मघापासून खाऊ की गिळू अशा नजरेनं सगळ्यांकडे बघत होते. ते वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. "आरं सीताराम," ते म्हणाले, "ही तर लावणी हाय!"

"काय आबा?"

"लावणी, लावणी! दोरी धरून इंद्रायणी भात लावल्यागत. बघा की, रोपाला रोप, वळीला वळ. कुटं तसूभर सरकलं न्हाई." त्यांनी मातीनं रापलेलं बोट टाक्यांच्या ओळीवरून न टेकवता फिरवलं. "ह्ये मशीननं क्येलंय का रं?"

"न्हाई आबा. हातानं."

"समदं?"

"समदं. ह्या बाजूचं आन् त्या बाजूचं."

मग काय विचारता! मागचे पुढे आले. कुणी विचारलं, हे खरखरीत काय आहे? सीताराम म्हणाला, घोड्याच्या शेपटीचे केस घालून विणलेलं कापड, छाती ताठ ठेवायला. "घोडा?" करत आणखी दहाजण आले. टाके तिरपे का, कॉलर वळते कशी, ही पट्टी कशाला, असे प्रश्न चहूकडून यायला लागले. तीस वर्षं न विचारलेले प्रश्न होते ते. सीताराम उत्तरं देत गेला, आधी चाचरत, मग भराभर, आणि आपण कुठं बसलोय, कशासाठी बसलोय, याचं भान सुटून बोलत राहिला. कापडाला हात लावून बघा म्हणाला, कानाशी धरून चुरगळून बघा म्हणाला. बौद्धाचार्यांनी घड्याळ बघायला मनगट वर केलं, आणि घड्याळ न बघताच बोटं कोटावर टेकवली.

सत्यमचा मोबाइल सोफ्यावर वाजत होता आणि तो उचलत नव्हता. तो गुडघे टेकून कोटासमोर बसला.

"मामा, हे कुणाला दिसणार नव्हतं?"

"न्हाई. अस्तर बंद क्येल्यावर कसं दिसंल?"

"मग एवढं का केलं?"

सीताराम गोंधळला. असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. "मला म्हाईत व्हतं की," तो म्हणाला.

अंगठी सापडली. लावणीच्या मधोमध एका टाक्यात अडकून बसली होती. तो एकच टाका सीतारामने तोडला आणि अंगठी जावयाच्या तळहातावर ठेवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. कैलासराव उंबऱ्याशी गेले आणि बहिणीला म्हणाले, "ताई, माझं चुकलं. चल आत."

"येते," आत्या म्हणाली. "पण आधी मला तो घोडा दाखवा."

आत्याला घोडा दाखवला गेला. ती बघत असताना कैलासराव तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि नकळत स्वतःच्या कोटाची छाती दोन बोटांत धरून चोळत होते. शेवटी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "सीतारामराव, माझ्यात काय असेल हो?"

आता व्याह्याशी कसं बोलावं हे सीतारामला चांगलं कळत होतं. पण कोटाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे. त्याने कैलासरावांच्या छातीवर चिमूट धरली, सोडली, पुन्हा धरली.

"गोंद," तो म्हणाला.

"गोंद?"

"कॅनव्हास कापडाला चिकटावल्याला. दोन-चार धुण्यात फुगं येतील."

मग रखमाजी आबांच्या पोटातून हसू फुटलं, ते साऱ्या मंदिरभर गेलं. कैलासराव आधी लाल झाले, मग त्यांनाही आवरेना. हसता हसता त्यांनी आपला कोट उतरवला, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. "गरम होतंय फार," ते म्हणाले. जानेवारीचा महिना होता.

"पंधरा मिंटं द्या," सीताराम सुईत दोरा ओवत म्हणाला. "छाती बंद करतो, मग जावयबापू घालतील."

सत्यमने त्याच्या हातातून कोट काढून घेतला. सुटलेलं अस्तर बाजूला राहावं म्हणून मानसीकडून साडीच्या चार पिना मागितल्या. मग बाह्या उलट्या केल्या, निळं अस्तर बाहेर आलं, छातीवर ती लावणीची ओळन्‌ओळ बाहेर आली, आणि त्याने कोट तसाच अंगात घातला.

"जावयबापू, आवो, लोक काय म्हणतील?"

"बघतील," सत्यम म्हणाला.

सीतारामने घाबरून लेकीकडे बघितलं. मानसी डोळे पुसत हसत होती. "असू द्या ना पप्पा," ती म्हणाली. "मलाही तोच हवाय."

सत्यमने मानसीच्या बोटात अंगठी घातली. वडगावची मंडळी वाट बघत राहिली आणि बौद्धाचार्य मंगलमैत्री म्हणायला उभे राहिले. मग दोन्ही घरं फोटोला उभी केली गेली. अमृताने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि लगेच काढला. "दादा, कोट उलटा घातलाय तुम्ही. सरळ करा ना पटकन."

"सरळच आहे," सत्यम म्हणाला.

कैलासरावांच्या दिवाणखान्यात तो फोटो आज मोठा करून लावलेला आहे, आणि आल्यागेल्याला ते कौतुकानं दाखवतात. त्यात दोन्हीकडची सगळी माणसं कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. सीतारामचा मात्र चेहरा दिसत नाही. नेमक्या त्या क्षणी तो पुढे झाला होता, आणि जावयाच्या उलट्या कोटाचा डावा खांदा नीट करत होता.